हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत : प्लॉटच्या प्रश्नाचा आढावा

‘फुलंब्रीकडे प्लॉट घ्यावा का?’ हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातल्या नोकरदार घरांत गेली काही वर्षे सतत निघतो. विचारणारा बहुधा शिक्षक, पोलीस, बँकेतला कर्मचारी किंवा वाळूजच्या कारखान्यातला सुपरवायझर असतो. शहरातला फ्लॅट आवाक्यात नसतो, किंवा असला तरी नको असतो. त्याला पुढेमागे अंगण असलेले घर हवे असते, गोंगाट नको असतो आणि मुलांसाठी ‘काहीतरी जमिनीचे’ करून ठेवायचे असते. उत्तर देणाऱ्यांत मात्र एकमत नसते. कोणी म्हणतो, आत्ता घ्या, पाच वर्षांनी हात लागणार नाही. कोणी म्हणतो, कागद अर्धे आहेत, लांब राहा. शेतकरी संघटनांतले लोक वेगळेच विचारतात : वावर संपले तर खाणार काय?

या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ती कुठवर खरी आहेत आणि कुठला प्रश्न अजून कोणीच सोडवलेला नाही, याचा हा आढावा आहे.

आधीच्या वसाहती

शहराबाहेरची शांत वसाहत ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांचा तुटवडा पडला तेव्हा ब्रिटनने 1946 मध्ये नवनगरांचा कायदा केला. सरकारी महामंडळाने जमीन घ्यायची, रस्ते, गटारे आणि शाळांची जागा ठरवायची आणि मग घरे बांधायची, असा तो मार्ग होता. अमेरिकेत 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभे राहिले. तिथे बिल्डर खासगी होता, पण घरकर्जामागे सरकारची हमी होती. (ती घरे फक्त गोऱ्यांना मिळत होती, ही त्या शांततेची दुसरी बाजू.) महाराष्ट्राने ब्रिटनचा मार्ग जवळ केला. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात नवनगरांचे स्वतंत्र प्रकरण आले. 1970 मध्ये सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि 1972 पासून त्याचे काम औरंगाबादेतही (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) सुरू झाले.

आज एन-1 ते एन-13 अशा नावांनी ओळखला जाणारा सिडकोचा भाग शहरातला सर्वांत नीट आखलेला समजला जातो. आधी रस्ता, मग घर, हा क्रम तिथे पाळला गेला. अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या घरांपासून बंगल्यांपर्यंत सगळे एकाच आराखड्यात बसवले, बागांच्या जागा राखल्या. 2006 मध्ये ही वसाहत महापालिकेकडे गेली. तक्रारी तिथेही आहेत. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागे, त्यामुळे फ्रीहोल्डची मागणी वर्षानुवर्षे गाजली. पण माझ्या घरासमोरचा रस्ता कोणाचा, असा प्रश्न सिडकोतल्या माणसाला सहसा पडत नाही.

सिडकोच्या बाहेर शहर वेगळ्या रीतीने वाढले. शेतकऱ्याने गट विकायला काढायचा, एजंटाने चुन्याच्या रेघा मारायच्या, खरेदीदाराने बॉण्डवर पैसे द्यायचे आणि घर बांधून मोकळे व्हायचे. हीच गुंठेवारी. शहरात अशा शंभराहून अधिक वसाहती झाल्या. त्या नियमित करण्यासाठी राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी कायदा केला. तेव्हा 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे धरली होती. 2021 मध्ये ही मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे नेली. दोन दशकांत एकदा मुदत सरकली की पुढची मुदतही सरकेल असे लोकांना वाटू लागते, आणि प्लॉटचा बाजार त्याच हिशेबाने चालतो. सातारा-देवळाईचे उदाहरण ताजे आहे. आधी वस्ती झाली, मग नगरपालिका, मग महापालिकेत समावेश. ड्रेनेज आणि नळ मात्र सगळ्यांत शेवटी.

उत्तरेकडेच का?

संभाजीनगरचा रोजगार कुठे आहे ते पाहिले तर फुलंब्रीचे आकर्षण आधी समजत नाही. चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला, वाळूज पश्चिमेला, बिडकीन दक्षिणेला. टोयोटा-किर्लोस्करने 2024 मध्ये सामंजस्य करार केला तोही बिडकीनसाठी. फुलंब्री उत्तरेला आहे. तिथे राहून वाळूजला कामाला जायचे तर अख्खे शहर ओलांडावे लागते. पहिल्या पाळीची बस गाठणाऱ्याला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तरीही भाव उत्तरेला चढले. त्याची कारणे दोन-तीन आहेत. शहराच्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या जमिनी उद्योगांसाठी आणि त्यांच्या आसपासच्या व्यवहारांत आधीच महाग झाल्या. हर्सूल, सावंगी, चौका या बाजूला डोंगर आहेत आणि हवा बरी आहे. पावसाळ्यात सारोळ्याकडे फिरायला जाणाऱ्यांनी तिथेच ‘फार्महाऊस प्लॉट’ पाहायला सुरुवात केली. याच बाजूने जाणाऱ्या जळगाव रस्त्याच्या चौपदरी काँक्रिटीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडले. अजिंठ्याला जाणाऱ्या पर्यटकांनी त्याला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या क्वचितच एखाद्या रस्त्याला मिळाल्या असतील. पण रस्ता होणार एवढे कळले तेव्हाच जमिनीचा भाव हलला, काँक्रीट नंतर आले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला आणि शेवटचा भाग 5 जून 2025 ला खुला झाला. त्याचा एक इंटरचेंज सावंगीला आहे. त्यानंतर जाहिरातीतले अंतर किलोमीटरमध्ये न सांगता मिनिटांत सांगण्याची पद्धत पडली.

समृद्धीने आणखी एक गोष्ट केली. थेट खरेदीत पाचपटीपर्यंत मिळालेला मावेजा पाहून जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मनातला भाव बदलला. ज्याची जमीन गेली नाही तोही आता त्याच आकड्यापासून बोलणी सुरू करतो.

कागदाचा गुंता

या पट्ट्यातला खरा वाद कागदाचा आहे, त्यामुळे इथे थोडे थांबावे लागते.

प्लॉटच्या जाहिरातीच्या पाटीवर ‘एनए-44’ असे लिहिलेले असते. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 44 खाली अकृषिक परवानगी मिळाली आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. पुढे संहितेत 42 अ ते ड ही कलमे आली. विकास आराखड्यातल्या किंवा गावठाणालगतच्या जमिनींना दर वेळी स्वतंत्र परवानगी लागू नये, असा त्यांचा हेतू होता. हेतू चांगलाच, पण प्लॉटच्या बाजारात त्याचे रूपांतर ‘आता एनएची गरजच नाही’ या वाक्यात झाले. जमिनीचा वापर बदलणे वेगळे आणि लेआउट (प्लॉट, रस्ते आणि मोकळ्या जागांची आखणी) मंजूर होणे वेगळे. खरेदीदार या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतो, आणि एजंट ती दुरुस्त करत नाही.

दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. 1947 चा हा कायदा शेतीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून केलेला आहे. ऑगस्ट 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही) कमी करून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केले. त्याआधी, जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून मंजूर लेआउट नसलेल्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी थांबवली होती. ते परिपत्रक मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेच रद्द केले. म्हणजे या प्रश्नातला एक महत्त्वाचा निकाल याच शहरात लागला. नोंदणी अधिकाऱ्याने दस्त नोंदवायचा, मालकी खरी की खोटी हे ठरवणे त्याचे काम नाही, असा युक्तिवाद त्यामागे होता. ‘रजिस्ट्री झाली, म्हणजे झाले’ ही समजूत त्यामुळे आणखी पक्की झाली. खरे तर दस्त नोंदवला म्हणून फेरफार होतोच असे नाही, आणि फेरफार झाला म्हणून बांधकाम परवानगी मिळतेच असेही नाही.

या दोन्ही बंधनांमधून लोकांनी जो रस्ता काढला तो जवळून पाहण्यासारखा आहे. समजा एका गटातले दहा गुंठे बागायती क्षेत्र दहा जणांनी मिळून घेतले. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. प्रमाणभूत क्षेत्राइतके आहे, म्हणून दस्त होतो. सातबाऱ्यावर दहा नावे लागतात आणि क्षेत्र सामाईक राहते. जागेवर मात्र सिमेंटचे खांब ठोकून दहा तुकडे पाडलेले असतात, मधून पंधरा फुटांची वाट असते. कोणता तुकडा कोणाचा, याचा नकाशा एजंटाच्या वहीत असतो. पुढे एकाला घरकर्ज हवे झाले तर बँक वेगळा उतारा मागते. एकाचे निधन झाले तर वारसांची नावे त्याच सातबाऱ्यावर चढतात आणि दहाची पंधरा होतात. एकाने सामाईक वाटेवर जिना काढला तर बाकीचे नऊ जण कोणत्या कागदाच्या आधाराने अडवणार? फुलंब्री आणि आसपासच्या गावांत हा प्रकार नवा नाही.

स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो, हेही याच हिशेबात कळते. एका एकराचे 43,560 चौरस फूट. मंजूर लेआउट करायचा तर सध्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर या मर्यादेच्या जरा वरच बसतो. शिवाय नियमातल्या रुंदीचे रस्ते हवेत. विकायला उरते ते बहुधा निम्म्याहून थोडे जास्त. मंजूर नसलेल्या लेआउटमध्ये मोकळी जागा नाही, रस्ते अरुंद, त्यामुळे विकायला बरेच जास्त क्षेत्र मिळते. भावातला फरक विकणाऱ्याच्या उदारतेतून येत नाही. पुढच्या पिढीचे मैदान आणि रस्ता विकून तो आलेला असतो.

आता नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याची वाट उघडली आहे. आधी हे शुल्क बाजारमूल्याच्या 25 टक्के होते, 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आणले होते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘तुकडा’ असा शेरा असलेल्या हजारो कुटुंबांना हा मोठा दिलासा आहे. पण तुकडेबंदीचा शेरा निघाला म्हणजे लेआउट मंजूर झाला, असे नाही. तो प्रश्न नगररचनेचा आहे.

मराठवाड्याचे स्वतःचेही काही गुंते आहेत. हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या इनामी जमिनी, 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आणि भोगवटादार वर्ग-2 च्या जमिनी या पट्ट्यात भरपूर आहेत. त्यांच्या विक्रीला पूर्वपरवानगी किंवा नजराणा लागतो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यावर बंधन आहे. मुखत्यारपत्रावर विकलेली जमीन विकत घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले, तरी ते व्यवहार पूर्ण बंद झालेले नाहीत.

घेणारे, विकणारे, आखणारे

घेणाऱ्यांची बाजू ऐकताना त्यांना भोळे समजण्याची चूक करू नये. आपण नियम मोडतो आहोत हे बहुतेकांना माहीत असते. त्यांचा प्रश्न असा की नियमातले घर आम्हाला परवडते का? मंजूर लेआउटमधला दर, त्यावर मुद्रांक शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम. यातून वाट काढणाऱ्या वर्गासाठी सिडको आता शहरात पूर्वीसारखी घरे बांधत नाही. ती घरे सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत छोट्या पगारदाराला परवडत होती. गुंठेवारी ही गरिबीतून आलेली आहे, अनागोंदीच्या हौसेतून नाही, असे त्यांचे म्हणणे. ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

दुसरा गट गुंतवणूकदारांचा. तो तिथे राहायला जाणारच नाही. हप्त्यावर दोन प्लॉट घेऊन भाव दुप्पट झाला की विकायचा, एवढेच त्याचे गणित. माझ्या पाहण्यात या पट्ट्यातल्या अनेक लेआउटमध्ये घरांपेक्षा खांब जास्त दिसतात, ते याच वर्गामुळे. वस्ती होत नाही म्हणून पथदिवे येत नाहीत, आणि पथदिवे नाहीत म्हणून वस्ती होत नाही. राहायला गेलेल्या दोन-चार कुटुंबांना शांतता मिळते खरी, पण ती रात्री कुत्र्यांची आणि दिवसा वाळूच्या टिप्परची.

विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती वेगळी आहे. फुलंब्री तालुक्यात कापूस, मका आणि अद्रक ही पिके ओळखीची. अद्रकाच्या भावाने एखाद्या वर्षी घर बांधून दिले आणि पुढच्या वर्षी कर्ज वाढवले, असे अनुभव गावोगाव ऐकायला मिळतात. चार भावांच्या वाटणीत दोन-दोन एकर आले की रस्त्यालगतचा एक एकर विकून मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न किंवा विहिरीचे कर्ज निपटवणे त्याला व्यवहार्य वाटते. त्याच पैशात पलीकडच्या गावात जास्त शेती घेणारेही आहेत. ‘शेती वाचवा’ हा उपदेश त्याला ऐकवण्याआधी शेती परवडेल कशी, याचे उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या बाजूला, बारमाही पाण्याची, काळी, रस्त्यालगतची जमीन एकदा खांबांखाली गेली की परत येत नाही. तिथे घर झाले नाही तरी ती पडीकच राहते.

आखणाऱ्यांचे म्हणणे असे की ही वाढ रोखण्याची नसून तिला आकार देण्याची वेळ आहे. त्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. त्याच्या हद्दीत तीनशेहून अधिक गावे आहेत आणि त्यात फुलंब्री तालुक्यातली गावेही येतात. त्याआधी शहराभोवतीच्या 28 गावांच्या ‘झालर क्षेत्रा’साठी सिडकोला नेमले होते. तो अनुभव उत्साह वाढवणारा नाही. आराखडा होईपर्यंत बरीच जमीन हातोहात फिरली होती. गावाकडच्या प्रतिनिधींचा आक्षेप निराळा : प्राधिकरण शुल्क घेते आणि दुरुस्तीला ग्रामपंचायतच लागते. फुलंब्रीत आता नगरपंचायत आहे, बाहेरच्या गावांत ग्रामपंचायती आहेत आणि वर प्राधिकरण आहे. जबाबदारी कोणाची, याचे उत्तर तीन कार्यालयांत तीन मिळते.

पाणी

पाण्यावर थोडक्यात. संभाजीनगरचे पाणी दक्षिणेकडून, जायकवाडीतून येते. त्याची 2,740 कोटींची नवी योजना वर्षानुवर्षे पूर्णत्वाच्या उंबरठ्यावर आहे आणि शहरातच काही दिवसांआड पाणी मिळते. उत्तरेच्या टोकाला असलेल्या नव्या लेआउटला या योजनेचा भरवसा धरणे धाडसाचे आहे. अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याचा काळा पाषाण पाणी साठवून ठेवत नाही. बोअर लागते, मार्चनंतर कोरडी पडते, मग आणखी खोल जाते. 2019 आणि 2024 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो टँकर चालले. ‘चोवीस तास पाणी’ असे पाटीवर लिहिलेले असते, ते कोणाच्या बोअरचे आणि किती घरे झाल्यावरही, हे विचारले पाहिजे.

काय सुटलेले नाही

न सुटलेल्या गोष्टींत दोन मोठ्या आहेत. पहिली, नियमितीकरणाने भूतकाळ साफ होतो, पण पुढचे व्यवहार थांबत नाहीत. प्रत्येक मुदतवाढ पुढच्या मुदतीची आशा विकायला मदत करते. कायदा दयाळू असावा की कडक, हा वाद त्यामुळे जुनाच राहतो. माझे मत असे की दोन्ही बाजूंचे मुद्दे एकाच वेळी खरे आहेत आणि एका कुटुंबाला दिलासा देणारी तरतूद पुढच्या शंभर कुटुंबांना अडचणीत टाकू शकते.

दुसरी अधिक गंभीर आहे. लेआउट मंजूर असो वा नसो, वस्तीचा धनी कोण? मंजूर लेआउटमधले रस्ते आणि मोकळी जागा स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित व्हायला हव्यात. विकासक पुढच्या गटाकडे निघून गेल्यावर तो कागद अनेकदा होतच नाही. मग मोकळ्या जागेत मंदिर येते, नंतर त्याशेजारी दुकान येते. शांत वसाहतीची शांतता ही रस्ता, गटार आणि मैदान कोणाच्या नावावर आहे यावर टिकते, झाडांवर नाही. जून 2025 पासून मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रस्ता अशा मार्गांवर महापालिकेने रुंदीकरणासाठी केलेली पाडापाडी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे अनेक घरे आणि दुकाने रस्त्याच्या हद्दीत होती, आणि ती विकत घेणाऱ्यांकडे कसले ना कसले कागद होतेच.

एक बाब मात्र आशेची म्हणता येईल. स्थावर संपदा कायदा, 2016 खाली 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावरचे प्लॉटिंगही महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. 1 मे 2017 पासून हे चालू आहे. या पट्ट्यात नोंदणीशिवाय विक्री होते, तरी खरेदीदार जाब विचारू शकतो. गावठाणातल्या घरांसाठी 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. या दोन साधनांची माहिती प्लॉट घेणाऱ्यांना अजून पुरेशी नाही.

इसार देण्याआधी चार गोष्टी मिळवा : चालू सातबारा, ज्या गटातून प्लॉट पाडला त्याचे सगळे फेरफार, नगररचनेच्या शिक्क्याचा मंजूर लेआउट आणि महारेराचा क्रमांक. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर सातबारा पाहायला पैसे लागत नाहीत आणि डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. सातबाऱ्यावर ‘सामाईक’ असे दिसले, किंवा भोगवटादार वर्ग-2 दिसला, तर इसार न देता परत या. गटाच्या लेआउटमधली मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे, हे मंजूर नकाशा आणि सातबारा शेजारी ठेवून पाहा. विकासकाच्या नावावर असेल तर ती हस्तांतरित करून घेण्याची अट करारात लिहून घ्या. आणि पाहायला जाताना एप्रिलमध्ये जा, दुपारी जा.